तासगावकडील द्राक्ष सल्ला सेवा: दोन हंगामांनंतरचा अभिप्राय

तासगाव तालुक्यातील माझ्या दोन एकर सुपर सोनाका वाणाच्या द्राक्षबागेसाठी मी सलग दोन हंगाम एका सशुल्क द्राक्ष सल्ला सेवेचा सभासद आहे. एकरी १,५०० रुपये हंगामी शुल्कात तीन बागभेटी, कार्यालयात येऊन विचारण्याची सोय आणि सभासदांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोजचा सल्ला, असे तिचे स्वरूप आहे. फवारणीचा सल्ला बहुतेक वेळा बरोबर ठरतो, आणि कंपनीचे नाव न सांगता औषधातील घटकाचे नाव सांगण्याची त्यांची पद्धत मला मनापासून आवडते. परंतु चांगला सल्ला देणारे आमच्या भागात आणखीही आहेत. ही सेवा मी पुन्हा घेतली, कारण तोच तो प्रश्न विचारणाऱ्या आणि हटकल्यावर चिडणाऱ्या शेतकऱ्याशी कसे वागावे, हे या लोकांनी मनावर घेऊन सुधारले.

द्राक्षाच्या ग्रुपवर एकच प्रश्न का फिरत राहतो, हे बाहेरच्या माणसाच्या सहज लक्षात येणार नाही. आमच्याकडे फळछाटण्या, म्हणजे द्राक्षे धरण्यासाठीच्या छाटण्या, सप्टेंबरपासून नोव्हेंबरपर्यंत चालतात. त्यामुळे एकाच शिवारात एक बाग नुकतीच फुटलेली, शेजारची फुलोऱ्यात आणि ओढ्यापलीकडची मणी धरलेली असते. अवकाळी पाऊस मात्र तिन्हींवर एकाच रात्री पडतो आणि 'पाऊस झाला, काय मारू?' हा प्रश्न तासाभरात चाळीस जण विचारतात. वाचणाऱ्याला हा एकच प्रश्न चाळीसदा आलेला दिसतो. विचारणाऱ्याच्या दृष्टीने तो पहिलाच असतो, कारण पानाच्या पाठीवर डाऊनी रोगाची पांढरी बुरशी दिसते का, हे तो त्या वेळी स्वतःच्या बागेत बॅटरी लावून पाहत असतो.

पहिल्या हंगामात या प्रश्नांना ग्रुपवर दोन शब्दांचे उत्तर मिळत असे: 'वर बघा.' त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रश्नच काढून टाकणे. अ‍ॅडमिनने संदेश काढला की तो कोणत्या अ‍ॅडमिनने काढला, हे त्या जागी सगळ्यांना दिसते. ज्याचा संदेश गेला, त्याला चारचौघांत उठवून बाहेर काढल्यासारखे वाटते. काही सभासद त्यानंतर गप्प झाले आणि औषधाच्या दुकानदाराला विचारून मिळेल ते मारू लागले. काही जण ग्रुप सोडून गेले. बाकीचे चिडले, आणि त्यांत मीही होतो.

त्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर रात्री पाऊस झाला, तेव्हा माझी बाग छाटणीपासून ३८ दिवसांची होती आणि फुलोरा सुरू होता. या अवस्थेत डाऊनी घडावर उतरला तर तो घड परत येत नाही, म्हणून दहाच्या सुमारास मी ग्रुपवर प्रश्न टाकला. दहा मिनिटांत तो काढला गेला आणि खाली 'वर उत्तर दिले आहे' असे आले. वर दोनशेच्या आसपास संदेश होते. त्यांतून जे उत्तर सापडले, ते २५ दिवसांच्या बागांसाठीचे होते. तेव्हा मी लिहिले, 'शुल्क घेताना वर बघा म्हणत नाही तुम्ही,' आणि त्याखाली ग्रुप सांभाळणाऱ्या मुलीच्या वयावर आणि शिक्षणावर आणखी दोन वाक्ये लिहिली, जी इथे पुन्हा लिहिण्यासारखी नाहीत. पाचसात जणांनी माझ्या सुरात सूर मिसळला. रात्री अकरापर्यंत औषधाची चर्चा बाजूला राहिली आणि सगळा ग्रुप पैशांवर आला.

सकाळी सहा वाजता सल्लागारांचा फोन आला. ग्रुपविषयी ते सुरुवातीला एक शब्दही बोलले नाहीत. "अण्णा, शेंड्याची पानं उलटून बघितली का? पाठीमागं पांढरं आहे का नुसताच तेलकट डाग आहे?" असे विचारून त्यांनी माझ्याकडून बागेची अवस्था काढून घेतली, आदल्या फवारणीतला घटक विचारला आणि त्या दिवशी काय करायचे ते सांगितले. त्यानंतर म्हणाले, "रात्री तुमचा प्रश्न काढला, ते चुकलंच. वरचं उत्तर तुमच्या बागेचं नव्हतं. पण राग असेल तर मला फोन करा, शिव्या मला द्या. ती पोरगी रात्री साडेअकरापर्यंत बसून उत्तरं देत होती, तिला असं लिहू नका." फोन ठेवल्यावर मी ग्रुपवर माफी मागितली. कोणी मागायला लावली म्हणून नव्हे. ज्या माणसाने आधी माझी बाग पाहिली आणि मगच माझी चूक दाखवली, त्याचे म्हणणे मला टाळता आले नाही.

दुसऱ्या हंगामात पद्धत बदलली, आणि या अभिप्रायाचा गाभा तोच आहे. पावसाचा अंदाज असला की संध्याकाळी सातच्या आत एकच संदेश येतो, ज्यात बागेच्या वयाप्रमाणे वेगवेगळे सल्ले ओळीने दिलेले असतात. तो संदेश ग्रुपच्या माथ्यावर पिन केलेला असतो, त्यामुळे शोधाशोध करावी लागत नाही. तरीही कोणी विचारलेच, तर मॅडम, म्हणजे ग्रुप सांभाळणारी तीच मुलगी, त्याच्या नावाने उत्तर देतात: 'आबा, तुमची बाग ४२ दिवसांची, म्हणजे पिन केलेल्यातला तिसरा मुद्दा तुमचा.' 'वर बघा' यातही तेच सांगितलेले असते, पण इथे समोरच्याला ओळखून सांगितलेले असते, आणि एवढ्याने निम्मी धुसफूस थांबलेली मी पाहिली. संदेश काढायचाच असेल, तर आधी त्या सभासदाला खासगीत कारण कळवले जाते.

चिडलेल्या माणसाशी ग्रुपवर वाद घालायचा नाही, हा त्यांचा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. राग आला की मॅडम एकच ओळ लिहितात, 'दादा, फोन करते,' आणि खरोखर फोन करतात. पाहणाऱ्यांसमोर माघार घ्यायला कोणी तयार नसतो आणि प्रत्येक उत्तराबरोबर बघे वाढतात. फोनवर तोच माणूस बागेविषयी बोलू लागतो. खताचे, औषधाचे आणि मजुरीचे वर्षभराचे पैसे त्या चार दिवसांवर टांगलेले असतात, त्यामुळे त्याचा आवाज चढणे समजून घेण्यासारखे आहे. शिवीगाळ मात्र ते खपवून घेत नाहीत. एका सभासदाला एकदा फोनवर समज दिली, दुसऱ्या वेळी त्याला ग्रुपमधून काढून उरलेल्या हंगामाचे शुल्क परत केले. याविषयी ग्रुपवर त्यांनी एक वाक्यही लिहिले नाही. त्या माणसाला पुन्हा तोंड दाखवता यावे, एवढी जागा त्यांनी राखली.

कार्यालयात गेलात तर मॅडमच्या टेबलावरची निळ्या पुठ्ठ्याची वही जरूर पाहा. ग्रुपवर पुन्हा पुन्हा आलेला प्रत्येक प्रश्न त्या वहीत लिहितात आणि त्यापुढे रेघा मारत जातात. एका पानावर 'जीए १० पीपीएम म्हणजे किती?' (जीए म्हणजे घडाच्या वाढीसाठीचे संजीवक) या प्रश्नापुढे रेघांच्या जुड्यांनी अर्धे पान भरलेले होते. पहिल्या हंगामात याच प्रश्नावर लोकांना 'सांगितलंय ना' असे ऐकावे लागले होते. मॅडम म्हणाल्या, "काका, इतक्या जणांना कळलं नसेल, तर सांगणाऱ्याचंच कुठंतरी चुकलंय." चूक साधी होती. सल्ला पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, असा दिला जात होता आणि शेतकरी टाकी भरत होता. आता दारातल्या फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले आहे: १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, ६०० लिटरच्या ब्लोअरला (फवारणी यंत्राला) ६ ग्रॅम. घड पोपटी रंगाचे असतात त्या पोपटी अवस्थेत जीएचे प्रमाण चुकले तर घड वेडेवाकडे होतात, म्हणून हा हिशेब दहादा विचारणारा माणूस मला निष्काळजी वाटत नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रश्नासोबत छाटणीची तारीख, वाण, शेवटची फवारणी आणि पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो द्यावा, ही अपेक्षा योग्य असली, तरी ज्यांचा मोबाईल मुलगा हाताळतो अशा वयस्कर बागायतदारांची तिने अडचण होते. त्यांच्यासाठी आवाजी संदेश स्वीकारले जातात, पण उत्तर लेखी येते आणि मुलगा घरी येईपर्यंत ते तसेच पडून राहते. रविवारी दुपारी फोन लागत नाही. पाऊस रविवार पाहून पडत नाही, तेव्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरती तरी दुसरी व्यक्ती नेमणे आवश्यक आहे. रात्रीची सगळी बोलणी अजूनही एकट्या मॅडमनाच ऐकावी लागतात, हे मला योग्य वाटत नाही. निर्यातीच्या बागांसाठी पुण्याजवळच्या मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची औषधांची यादी ग्रुपवर दिली जाते, पण काढणीपूर्व दिवसांचा, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे याचा, तक्ता मराठीत करून दिला, तर 'हे आता चालेल का?' या प्रश्नापुढच्या रेघा नक्कीच कमी होतील. मी ही सूचना कार्यालयात लिहून दिली आहे.

येत्या फळछाटणीसाठी माझे शुल्क भरून झाले आहे. कवठेमहांकाळकडील माझ्या मेव्हण्याच्या एक एकर माणिक चमन वाणाच्या बागेचेही या वेळी भरले. त्याच्याकडे बटणांचा साधा मोबाईल आहे, म्हणून त्याने ग्रुपऐवजी दर सोमवारी पानांची पिशवी घेऊन कार्यालयात यायचे, असे मॅडमनी आधीच ठरवून दिले आहे.