‘४८ तासांत हार्डशिप रिपोर्ट’ देणाऱ्यांपासून सांभाळा

अमेरिकेत जे-१ या एक्स्चेंज व्हिसावर रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण, करणाऱ्या डॉक्टरांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. रेसिडेन्सी संपली की दोन वर्षं मायदेशी राहायची अट असते, आणि ती सुटेपर्यंत ना एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळत, ना ग्रीन कार्ड. इतर जे-१वाल्यांना भारत सरकारचं ना-हरकत पत्र आणून मोकळं होता येतं, डॉक्टरांना ती वाट बंद. मग बहुतेकांपुढे दोनच रस्ते राहतात. एक कॉनरॅड-३०, म्हणजे डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात ३ वर्षं नोकरी, आणि त्यासाठी दर राज्याला वर्षाकाठी ३० जागा. दुसरा आय-६१२ अर्ज, म्हणजे ही अट माफ करा अशी विनंती. नवरा परत गेला तर इथली नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली बायको, मूल यांचे असाधारण हाल (हार्डशिप) होतील, हे त्यात कागदांनिशी दाखवायचं.

आमच्याकडे दाखवायला खरं पुष्कळ होतं. मी नागरिक, मुलगा इथेच जन्मलेला. बाळंतपणानंतर मला डिप्रेशन आलं, गोळ्या चालू होत्या. मुलगा उशिरा बोलायला लागला, त्याची स्पीच थेरपी सुरू होती. म्हणून तर जास्त चीड येते.

मराठी मंडळाच्या दिवाळीत न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या एका ‘सल्लागारां’ची ओळख झाली. मराठी माणूस, लाघवी बोलणं. दुकानावर पाटी: टॅक्स, नोटरी, इमिग्रेशन. आपल्याकडे नोटरी म्हटलं की वकील डोळ्यांसमोर येतो. इथला नोटरी पब्लिक सह्या प्रमाणित करतो, बस्स. कायद्याचा सल्ला द्यायचा त्याला अधिकारच नाही. तर हे गृहस्थ म्हणाले, “कॉनरॅडच्या भानगडीत पडू नका, वहिनी. आपल्या सायकॉलॉजिस्ट मॅडमचा हार्डशिप रिपोर्ट ४८ तासांत देतो, तो जोडला की काम फत्ते.” १,४०० डॉलर, तेही झेलवरून (बँकेतून थेट पैसे पाठवायची सोय) आगाऊ.

मॅडमचा कॅमेरा ‘बिघडलेला’ होता. झोप लागते का, रडू येतं का, जगावंसं वाटतं का, असे प्रश्न एकामागून एक सुटले. सल्लागार कॉलवर बसूनच होते. मी अडखळले की मध्येच म्हणायचे, “हो म्हणा, वहिनी.” बाळंतपणानंतरचं सांगायला लागले तर मॅडम म्हणाल्या, “ते आम्ही घालतो.” चहा गाळून होईस्तोवर मुलाखत आटोपली.

रिपोर्ट मात्र कबूल केल्याप्रमाणे वेळेत आला. चांगला जाडजूड, सोनेरी शिक्का मारलेला. नवरा इंटर्नल मेडिसिनचा, पीएचक्यू-९ ही डिप्रेशन मोजायची प्रश्नावली रोज पेशंटकडून भरून घेतो. तो दुसऱ्याच पानावर थांबला. तिथे माझा स्कोअर लिहिला होता ३१. प्रश्न नऊ, प्रत्येकाला जास्तीत जास्त ३ गुण. २७च्या वर आकडा जाणार कुठून? आणि ती प्रश्नावली मला कुणी भरायलाच दिली नव्हती.

पुढे दीड पान सासूबाईंच्या गुडघ्यांवर. त्या कोल्हापुरात असतात, गुडघे दुखतात हे खरंच आहे. पण या अर्जात हाल मोजतात ते इथल्या नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक जोडीदाराचे आणि मुलांचे. आईवडिलांचे नाहीत, खुद्द डॉक्टरचेही नाहीत. माझ्या गोळ्या, मुलाची थेरपी यांचा उल्लेख एका ओळीतही नव्हता. खरं वगळून खोटं भरलं, त्याचे पैसेही आमच्याकडूनच!

लायसन्सचा नंबर राज्याच्या संकेतस्थळावर टाकून पाहिला. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. तो निघाला भलत्याच बाईंचा, त्याही सोशल वर्कर, आणि मुदत संपलेला. जाब विचारल्यावर सल्लागार शांतपणे म्हणाले, “एवढंच ना? ३१चं २७ करून देतो.” नवऱ्याने पैसे परत मागितले, तर आम्हा दोघांचे नंबर ब्लॉक.

पुढे वकील केला. त्याने सांगितलं की अर्ज खरा असल्याची सही डॉक्टर स्वतः करतो, आणि खोटे कागद जाणूनबुजून जोडल्याचं ठरलं तर व्हिसा-ग्रीन कार्डाची दारं जन्मभरासाठी बंद होऊ शकतात. सल्लागाराचं नाव तर अर्जात कुठेच नव्हतं. मानसिक अहवाल जोडायलाच हवा असाही नियम नाही. तो इतर पुराव्यांपैकी एक.

नव्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी आधी माझे दवाखान्याचे कागद मागवले, थेरपिस्टशी बोलल्या, मग मला दोनदा भेटल्या. त्यांनी दोन बाजू वेगवेगळ्या विचारल्या. मी मुलाला घेऊन कोल्हापूरला गेले तर काय, आणि इथेच त्याला एकटीने सांभाळलं तर काय. अर्जात दोन्ही दाखवावं लागतं. पहिल्या रिपोर्टात दुसरीचा पत्ताच नव्हता. “अर्ज मंजूर होईल का?” या प्रश्नावर त्या म्हणाल्या, “ते माझ्या हातात नाही, मी फक्त मला जे दिसलं ते लिहीन.” मला त्यावरच विश्वास बसला.

फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार केली आहे. झेलचे पैसे गेले ते गेले, बँकेने हात वर केले. असल्या ठिकाणाहून रिपोर्ट घेतला असेल आणि अर्ज अजून भरला नसेल, तर आधी वकिलाला दाखवा. भरला असेल तर आजच वकिलाला फोन करा, कागद खोटा असल्याचं आपण होऊन कळवायचं असेल तर उशीर करू नका. पावती, झेलचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, काहीही पुसू नका. आमच्या तक्रारीसोबत तेवढेच पुरावे जोडता आले.