रिंगा की स्पंज? निकाल मोरीत लागला

माशांच्या टाकीचा कॅनिस्टर (पाणी गाळणारा बंद डब्याचा फिल्टर) घरी आलाय, त्याचे ट्रे रिकामे आहेत आणि दुकानदार विचारतोय, "रिंगा भरू की स्पंज?" इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं फिल्टरमधले जिवाणू आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात, हे चक्र ठाऊक आहे असं धरतो. माझी टाकी तीन फुटी, शंभर लिटरच्या आसपास. चार एंजल, टेट्रांचा थवा, तळाला कोरीडोरास. भांडुपला वन बीएचके. आधी दोन वर्षं नुसत्या रिंगा वापरल्या, 2019 पासून बहुतेक स्पंजच.

कागदावर रिंगाच भारी आहेत. सच्छिद्र सिरॅमिक, लिटरमागे इतके चौरस मीटर पृष्ठभाग असं पाकिटावर छापलेलं असतं, आणि ते खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण ती बारीक छिद्रं कोरी असतात तोवर. चार-पाच महिन्यांनी त्यांत गाळ जाऊन बसला की जिवाणूंना राहायला रिंगेचं बाहेरचं अंगच उरत असावं, असा माझा अंदाज. सूक्ष्मदर्शकाखाली काही पाहिलेलं नाही. जुनी रिंग मोडून पाहिली, आतला भाग चॉकलेटी झालेला होता, एवढंच.

तरी रिंगांनी मासे नीट जगवले, हे मान्य करायलाच हवं. त्यांच्यावर माझा राग आहे तो धुण्यावरून.

आमच्याकडे पाणी सकाळी येतं आणि त्याच वेळेला मोरी सगळ्यांना हवी असते. अशा वेळी दीड-दोन किलो रिंगा जाळीच्या पिशवीतून बादलीत ओतायच्या. पाणी काळं. ढवळा, ओता, पुन्हा पाणी घ्या. तिसऱ्यांदाही काळंच, कारण प्रत्येक रिंगेच्या भोकात गाळाची गुळगुळीत बत्ती अडकलेली असते आणि ती ढवळून निघत नाही. एकेक रिंग बोटानं टोचत बसावं लागतं. त्यात दोन-चार घरंगळत जाळीपाशी जातात, मागून "अजून किती वेळ?" अशी हाक येते. त्यातून हे सगळं टाकीतून काढलेल्या पाण्यातच करायचं. आठवड्याला मी तीसेक लिटर बदलतो, म्हणजे दोन बादल्या. त्या दोन बादल्यांत रिंगा स्वच्छ होत नाहीत. मला कधी जमलं नाही, बुवा.

एकदा वैतागून सरळ नळाखाली धरल्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जिवाणू मारतं, हे माहीत असूनही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एंजल वर येऊन धापा टाकत होते आणि टेस्ट किटमधला अमोनियाचा पिवळा रंग चांगला हिरवा दिसत होता. चूक शंभर टक्के माझी. पण ज्या मीडियामुळे (फिल्टरमध्ये भरायच्या मालामुळे) अशी चूक करावीशी वाटते, त्याचाही थोडा दोष धरावा की नाही?

स्पंज बादलीत बुडवायचा, पाच-सहा वेळा दाबायचा, परत ट्रेमध्ये. एक बादली पुरते. तळहाताखाली गाळ भसकन बाहेर येताना दिसतो, आणि थोडा आत राहिला तर तो राहू द्यायचाच असतो.

दुसरा प्रसंग 12 ऑक्टोबर 2020 चा. मुंबईची वीज सकाळीच गेली आणि आमच्याकडे काही तास आली नाही. बंद कॅनिस्टरमध्ये पाणी थांबलं की आतला ऑक्सिजन जिवाणूच संपवतात, आणि वीज आल्यावर तेच कुबट पाणी टाकीत येतं. मी स्पंज काढून टाकीत सोडले आणि शेजारी बॅटरीचा एअर पंप लावला. रिंगांची पिशवीही टाकता आली असती म्हणा. पण स्पंज आधीच मोकळा, हलका आणि हाताशी होता.

स्पंज घेताना मात्र जपून. भांडी घासायचा किंवा गादीतला पिवळा फोम नको. मोठ्या, उघड्या छिद्रांचा काळा फिल्टर स्पंज हवा, इंचाला 20 ते 30 छिद्रांचा. कुर्ल्याच्या माशांच्या बाजारात तो लादीसारखा मिळतो. ट्रेच्या मापापेक्षा किंचित मोठा कापा. मी पहिल्यांदा मापात कापला, तर पाणी कडेच्या फटीतून निघून जायचं आणि स्पंज महिनाभर कोराच्या कोरा. काही वर्षांनी तो लिबलिबीत होतो, तेव्हा बदलावा लागतो. रिंगांना ती कटकट नाही.

आता रचना. माझ्या कॅनिस्टरमध्ये पाणी खालून वर चढतं, म्हणून सगळ्यांत खाली जाड छिद्रांचा स्पंज, त्यावर मध्यम, मग एका ट्रेत थोड्या रिंगा (हो, अजून आहेत), आणि सर्वांत वर कापसाचा पातळ थर. टॉप फिल्टर (टाकीच्या वर बसणारा) असेल तर पाणी वरून पडतं, तिथे हाच क्रम उलटा: कापूस वर, रिंगा खाली. पहिल्यांदा मला कॅनिस्टर भरून मिळाला तो टॉप फिल्टरच्या हिशेबाने. सगळी घाण थेट रिंगांत आणि वरचा कापूस पांढराशुभ्र. मी खुळा, पाणी किती स्वच्छ म्हणून खूश होतो. कापूस दाबून भरू नका, प्रवाह मरतो. पहिल्या पावसात नळाला गढूळ पाणी येतं तेव्हा मी तो आठवड्याला बदलतो, एरवी दोन आठवडे जातो.

कार्बन कायमचा नको. औषधाचा कोर्स झाल्यावर किंवा लाकडाचा चहासारखा रंग काढायला बरा, काही आठवड्यांत संपतो. झिओलाइट (अमोनिया शोषणारे खडे) असेल आणि माशांच्या अंगावरच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर खडेमीठ टाकणार असाल, तर तो आधी बाहेर काढा. मिठाच्या पाण्यात तो धरून ठेवलेला अमोनिया परत सोडतो. बायोबॉल (जिवाणूंसाठीचे प्लास्टिकचे गोळे) कॅनिस्टरमध्ये जागा अडवतात, यापलीकडे माझं त्यांच्याशी भांडण नाही.

रिंगा कोणी घ्याव्यात? टाकी मोठी आहे, घराला बाल्कनी आहे आणि कॅनिस्टरच्या तोंडाला आधी स्पंज लावून गाळ अडवायची तयारी आहे, त्यांनी खुशाल. तसं केलं तर रिंगांना वर्षभर हात लावावा लागत नाही, असं मित्र सांगतो, आणि त्याची टाकी माझ्यापेक्षा देखणी आहे.

आधीच रिंगांवर असाल आणि स्पंजवर यायचं असेल, तर एका दिवसात सगळं बदलू नका. नवा स्पंज रिंगांसोबत चार ते सहा आठवडे चालू द्या, मग अर्ध्या रिंगा काढा, उरलेल्या आणखी महिन्याभराने. मी पहिल्या अर्ध्या जूनमध्ये काढल्या. उरलेल्यांतल्या एका ट्रेपुरत्या ठेवल्या, बाकीच्या गणपतीच्या साफसफाईत बाहेर निघाल्या आणि आता घरातल्या तुळशीच्या कुंडीत तळाला आहेत. पाणी छान निचरतं.