रोजचा मेसेज की आठवड्याची भेट?

बहिणीला डिप्रेशन आहे. रोज मेसेज करू की आठवड्यातून एकदा घरी जाऊ, असं एका मैत्रिणीने विचारलं. दोन्ही जमलं तर उत्तमच, पण नोकरी सांभाळून बहुतेकांना एकच धड निभावता येतं.

तिच्यावरचा ताण बघितला तर मेसेज हलका. अर्थात 'उत्तर नाही दिलंस तरी चालेल' असं सांगितलं असेल तरच; रोजचं 'कशी आहेस?' म्हणजे हजेरी घेणंच झालं. भेटीसाठी मात्र अंघोळ, कपडे, बोलणं, सगळ्याचंच ओझं येतं.

लक्षात काय येतं, यात भेट कितीतरी पुढे. साचलेली भांडी, उतरलेलं वजन, पाकिटात तशाच राहिलेल्या गोळ्या मेसेजमध्ये दिसत नाहीत. औषधांचा परिणाम जाणवायला बहुधा 2 ते 4 आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि नेमक्या त्याच काळात 'काही उपयोग नाही' म्हणून गोळ्या सोडल्या जातात.

सातत्य? मेसेज सोपा.

उपचार नीट चालू आहेत, फक्त एकटेपणा छळतोय, तर मेसेज पुरे. औषध नुकतंच सुरू झालंय किंवा खाणंपिणं सुटलंय, तर भेटच. मरणाचे विचार येतात का, हे दोन्हीकडे सरळ विचारा. विचारल्याने धोका वाढत नाही. 'हो' म्हणाली, तर तिला एकटं न सोडता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.