मोरबेच्या काठी घोड्यांचा कॅम्प आणि माझे गेलेले 29,001 रुपये

आधी रकमा सांगते. 9,000, मग 10,000, मग 10,001. तिन्ही यूपीआयने, एकाच संध्याकाळी. लिहिताना लाज वाटतेय, पण सुट्ट्या तोंडावर आल्यात आणि तीच जाहिरात पुन्हा फिरतेय.

जाहिरातीत दोन रात्री तंबूत मुक्काम, इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वाटांवरून घोड्यावर रपेट आणि मोरबे धरणाच्या काठी कॅम्प असं होतं. माणशी 4,500. आम्ही चौघं, म्हणजे 18,000, त्यातले निम्मे आगाऊ. मुलगी घोडेस्वारी शिकतेय, तिला रिंगणाबाहेर रपेट मारायची होती. फोनवरचा माणूस स्वच्छ मराठीत बोलत होता. मुलीचं वजन किती, आधी कुठल्या घोड्यावर बसलीय, रिकीब, म्हणजे पाय ठेवायची कडी, किती लांब लागते, सगळं विचारलं. असे प्रश्न ठग विचारतो असं कुणाच्या मनात येईल?

तरी एक क्षण होता. मी विचारलं, रात्री घोडे कुठे बांधता? तो म्हणाला, "अगदी पाण्याला लागून, ताई. तहान लागली की मान खाली घातली, झालं."

इथेच फोन ठेवायला हवा होता. मुलीच्या सरांकडून मी कितीदा ऐकलंय, मुक्कामाला घोडे पाण्यापासून निदान 60 मीटर लांब बांधायचे, दोन झाडांमध्ये उंच ताणलेल्या दोराला. काठावर बांधले तर खुरांनी चिखल होतो आणि लीद थेट पाण्यात जाते. आणि पाणी कुठलं, तर मोरबेचं! मी नेरूळला राहते, माझ्या नळाला तेच येतं. नवी मुंबई महानगरपालिकेचं स्वतःचं, पिण्याच्या पाण्याचं धरण. तिथे घोडे बांधून तंबू ठोकायला कोण परवानगी देईल? हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "ताई, दोनच तंबू उरलेत, दुसऱ्या पार्टीचा फोन चालू आहे." मुलगी शेजारी उभी होती. मी 9,000 पाठवले.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. घोड्यामागे 2,500 डिपॉझिट, परत मिळणारं. चार घोड्यांचे 10,000. भाड्याच्या गाडीलाही डिपॉझिट घेतात, मला वावगं वाटलं नाही. मग "सिस्टीमने रक्कम घेतली नाही, 10,001 टाका, आधीचे आपोआप परत येतील." तेही टाकले. पैसे घेणाऱ्याच्या नावाच्या जागी एका मोबाईल दुकानाचं नाव दिसत होतं. कॅम्पवाल्याचे पैसे मोबाईलच्या दुकानात कशाला जातील? नाव वाचा, बाबांनो, पिन टाकण्याआधी नाव वाचा. मग "रिफंडसाठी" त्याने क्यूआर पाठवला, तेव्हा कुठे मी थांबले. पैसे घ्यायला पिन लागत नाही, एवढं तरी मला माहीत होतं.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, लगेच फोन लावला. लागेपर्यंत जीव टांगणीला. तक्रार क्रमांक मिळाला. बँकेत गेले तर म्हणाले, पिन तुम्हीच टाकलात, आम्ही काय करणार? पोलीस ठाण्यात सांगितलं, कॅम्प खालापूर तालुक्यात, म्हणजे रायगडची हद्द, तिकडे जा. अहो, कॅम्प आहे कुठे? नसलेल्या कॅम्पला हद्द कसली? पैसे माझ्या घरात बसून, माझ्या फोनवरून गेले. आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, खबर नोंदवून घ्यायची. हे मी म्हटल्यावर साहेब म्हणाले, "मॅडम, लाखांच्या केसेस पडून आहेत. घोड्यावर बसायला एवढे पैसे द्यायचेच कशाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. 29,001 ही रक्कम लहान हे ठरवणारे हे कोण? मग बँकेचं स्टेटमेंट शिक्क्यासह आणा. ते आणलं, तर संबंधित साहेब बंदोबस्ताला. पुन्हा गेले, तर स्क्रीनशॉटच्या रंगीत प्रती हव्यात. तिकडे पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात पळत असणार आणि इथे मी झेरॉक्सच्या रांगेत.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार अजून "प्रक्रियेत" आहे.

घोड्यावर बसायचं असेल तर माथेरानला जा, दस्तुरीला उतरा, घोडा आणि घोडेवाला समोर बघा, दर ठरवा, मग पैसे द्या. कॅम्पचं बुकिंग करताना व्हिडिओ कॉलवर आत्ताची जागा दाखवायला सांगा. माझ्याकडे त्याने "रेंज नाही" म्हणून टाळलं, आणि फोनला मात्र रेंज फुल्ल. जाहिरातीतल्या फोटोत तळ्यामागे सूचिपर्णी झाडं आहेत. इर्शाळगडाखाली ती कुठून येणार?

आता त्याच फोटोवर, कपाळावर पांढरा पट्टा असलेल्या त्याच तांबड्या घोड्यासह, पवना तलावाचं नाव टाकलंय. कुणी यात पैसे घालवले असतील तर लाजून गप्प बसू नका. 1930 ला कळवा, पोर्टलवर तक्रार टाका आणि तीत पैसे घेणाऱ्याचा यूपीआय आयडी नक्की लिहा. एकाच खात्याविरुद्ध दहा तक्रारी आल्या, तर हद्दीचं कारण सांगून दहाही जणांना परत पाठवणं त्यांना जड जाईल.