एन१०० की रायझन ३ ७३२०यू : एका घरातले दोन स्वस्त लॅपटॉप

जत तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी शिकवते. दोन शिक्षक, चार वर्ग. शिकवण्याच्या जोडीला यू-डायस प्लसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज आणि निकालपत्रकं असतात, आणि हे सगळं माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं. जुना लॅपटॉप २०१७ साली घेतलेला. त्यात इंटेलचा कोअर आय३-६००६यू हा प्रोसेसर (लॅपटॉपचा मेंदू) होता, दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि २ गिगाहर्ट्झच्या वर कधीच न जाणारा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबणार हे आधीच जाहीर झालं होतं, आणि त्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. घरात लेकीचं बीसीएसचं पहिलं वर्ष संपत आलं होतं आणि कॉलेजच्या लॅबवर तिचं भागत नव्हतं. म्हणून २०२५च्या पाडव्याला सांगलीला जाऊन दोन लॅपटॉप घेतले. साठ हजारांच्या आत दोन्ही बसवायचे होते. माझा इंटेल एन१०० असलेला साडेसव्वीस हजारांना पडला, तिचा एएमडी कंपनीचा रायझन ३ ७३२०यू असलेला तेहतीस हजारांना.

तेव्हापासून आमच्या केंद्रातल्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेला गेलं की कोणी ना कोणी विचारतंच, "मॅडम, दोन्हीतला कुठला घेऊ?" तिथे चहाच्या वेळेत नीट सांगता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

दुकानातल्या मुलाने एन१००कडे बोट दाखवून सांगितलं होतं, "हा सेलेरॉनच, मॅडम, नाव बदललंय फक्त." त्याचं अर्धं खरं आहे. २०२३पासून इंटेलने स्वस्त लॅपटॉपवरची सेलेरॉन आणि पेंटियम ही नावं काढून टाकली आणि नुसतं 'इंटेल प्रोसेसर' लिहायला सुरुवात केली. त्याच वर्षी जानेवारीत एन१०० आला. पण आतला माल जुन्या सेलेरॉनचा नाही. बाराव्या पिढीच्या मोठ्या प्रोसेसरांत जे छोटे, वीज वाचवणारे कोअर असतात, तेच यात चार बसवले आहेत. वेग ३.४ गिगाहर्ट्झपर्यंत जातो आणि कागदावर वीज लिहिली आहे ६ वॉट. दोन कोअरचा जुना सेलेरॉन एन४०२० ज्यांनी वापरून सोडला असेल, त्यांनी त्या अनुभवावरून याला मोजू नये. दोन्हींत खूप अंतर आहे.

रायझनची गोष्ट उलटी. नाव भारदस्त, आतला माल थोडा जुना. ७३२०यू सप्टेंबर २०२२मध्ये जाहीर झाला, पण त्याचे कोअर झेन २ जातीचे, म्हणजे २०१९चे. हे आकड्यातच लिहिलेलं असतं, वाचता यायला हवं. पहिला ७ म्हणजे २०२३ सालची मालिका. तिसरा आकडा कोअरची पिढी सांगतो : २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३. म्हणजे ७३३०यू हा ७३२०यूपेक्षा नुसता दहाने मोठा नाही, तो एक पिढी पुढचा आहे. दुसरी फसगत रायझन ५ ७५२०यूची. '५' बघून माणसं तीन-चार हजार जास्त मोजतात. त्यातही तेच चार झेन २ कोअर, तेच आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं), तेच ग्राफिक्स. वरचा वेग ४.१च्या जागी ४.३ गिगाहर्ट्झ, एवढाच काय तो फायदा. ते पैसे रॅमवर (उघडलेली कामं ठेवायच्या तात्पुरत्या जागेवर) घालावेत. रॅमचं पुढे सांगते, कारण या सगळ्यात मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

पहिले तीन आठवडे दोन्ही लॅपटॉप एकाच टेबलावर ठेवून मी आणि लेकीने तीच कामं दोन्हींवर करून पाहिली. इनस्क्रिप्टने मराठी टंकलेखन, एक्सेलमध्ये निकालपत्रक, ब्राउझरमध्ये दहा-बारा टॅब, स्कॅन केलेल्या चाळीस पानांची एक पीडीएफ जोडणं. यात एका वेळी एकच काम चालू असेल तर कुठला लॅपटॉप कुठला हे डोळे झाकून सांगता येणार नाही. युट्यूब आणि दीक्षावरचे व्हिडिओही दोन्हींवर सारखेच सुरळीत. आजकाल युट्यूब बरेचसे व्हिडिओ एव्ही१ या नव्या प्रकारात पाठवतं. तो प्रकार उलगडण्याची सोय दोन्ही चिपांमध्ये वेगळी दिलेली आहे, त्यामुळे कोअरवर भार पडत नाही. माझा जुना आय३ नेमका इथेच धापा टाकायचा.

फरक दिसतो तो मागे दुसरं काम सुरू झाल्यावर. एप्रिलमधली गोष्ट. ऑनलाइन बैठक चालू, मी एक्सेलची शीट सर्वांना दाखवत होते आणि मागे विंडोजने अपडेट उतरवायला घेतला. एन१००चे चारही कोअर शंभर टक्क्यांवर गेले, आवाज तुटायला लागला, शीट सरकवली की चित्र दोन-तीन सेकंदांनी हलायचं. लेकीच्या लॅपटॉपवर मुद्दाम तसाच प्रसंग जुळवून आणला, तर बैठक निवांत चालली.

कारण समजायला आमच्या आजीची चूल आठवते. चुलीच्या बाजूला वैल असायचा. जाळ एकच, चुलीवर भाकरी आणि वैलावर आमटी. वैलाला पुरी धग मिळत नाही, पण आमटी होत राहते आणि जाळ वाया जात नाही. रायझनकडे चार चुली आहेत आणि चारींना वैल आहे, म्हणून चार कोअर पण आठ थ्रेड. एन१००कडे चार चुली आहेत, वैल नाही. चार भांडी असेतोवर दोन्ही सारखे. पाचवं भांडं आलं की एन१०० त्याला थांबवून ठेवतो.

जड कामात तर रायझन सरळ पुढे आहे. स्नेहसंमेलनाचा नऊ मिनिटांचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर पाठवण्यासाठी लहान करायचा होता. रायझनने अकरा मिनिटं घेतली, माझ्याने एकोणीस. मी असं काम वर्षातून तीनदा करते, त्यामुळे मला ती आठ मिनिटं जड वाटत नाहीत. रोज व्हिडिओ करणाऱ्याला वाटतील.

आता जी बाजू मला मनापासून आवडली ती सांगते. माझ्या लॅपटॉपला पंखाच नाही. आमच्या शाळेवर पत्रा आहे, समोर मोकळं माळरान आणि पावसाळा सोडला तर बारा महिने धूळ. लेकीचा लॅपटॉप मे महिन्याच्या सुट्टीत घरी होता. सुट्टी संपताना तिने तो साफ करून घेतला तेव्हा पंख्याच्या जाळीवर धुळीची पापडी धरलेली होती. माझ्यात धूळ ओढून घेणारं काही नाही. शिवाय मी पहिली-दुसरीच्या मुलांसाठी कविता आणि गोष्टी लॅपटॉपवरच रेकॉर्ड करते. रायझनवर केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये मागे पंख्याची घरघर येते, एन१००वर फक्त माझा आवाज आणि क्वचित बाहेरची शेळी.

पण पंखा नसण्याची किंमतही मोजावी लागते. एप्रिलात सकाळची शाळा असते. साडेअकरानंतर पत्रा तापतो, आणि तेव्हा लॅपटॉपवर लांब काम लावलं की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. वर सांगितलेला व्हिडिओ मी थंडीत, सकाळी केला होता. तोच दुपारी, तापलेल्या खोलीत केला असता तर आणखी वेळ गेला असता. ज्यांचं काम उन्हाळ्यातही सलग आणि जड आहे, त्यांनी पंख्याचा लॅपटॉपच घ्यावा. एन१००मध्येही पंखा बसवलेले लॅपटॉप मिळतात, दुकानात विचारून घ्यावं.

बॅटरीबद्दल मात्र सगळ्यांचा एक गैरसमज आहे, माझाही होता. माझ्या प्रोसेसरचे ६ वॉट आणि तिच्याचे १५ वॉट हे आकडे बघून मला वाटलं होतं की माझा लॅपटॉप तिच्यापेक्षा दुप्पट चालेल. तसं काही झालं नाही. दोन्हींत साधारण ४२ वॉट-अवरची बॅटरी आहे. स्क्रीनचा उजेड अर्ध्यावर ठेवून माझ्यासारखं काम केलं तर दोन्ही साडेसहा-सात तास जातात, आणि एखाद्या दिवशी तिचाच जास्त गेला आहे. तो वॉटचा आकडा म्हणजे सलग भार असताना किती उष्णता बाहेर काढायची तयारी ठेवावी लागेल, त्याचा हिशेब. वीजबिल नव्हे. आपण टंकलेखन करत असतो तेव्हा दोन अक्षरांच्या मधल्या वेळात कोअर झोपलेले असतात, आणि खरी वीज खाते ती स्क्रीन. त्यामुळे भारनियमनाच्या भीतीने कोणी एन१०० घेणार असेल तर त्या एका कारणासाठी घेऊ नये. स्क्रीनचा उजेड कमी ठेवावा, त्याने जास्त फरक पडतो.

गेम हा विषय एका ओळीत संपतो : दोन्हींतले ग्राफिक्स साधे आहेत, गेमसाठी दोन्ही घेऊ नयेत.

आता रॅम. ७३२०यू फक्त एलपीडीडीआर५ प्रकारची रॅम चालवतो आणि ती बोर्डावर सोल्डर केलेली असते. म्हणजे जेवढी घेताना आली तेवढीच, लॅपटॉप मोडीत जाईपर्यंत. लेकीच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबी आहे. त्यातून ग्राफिक्स आपला वाटा आधीच बाजूला काढून घेतं, म्हणून टास्क मॅनेजरमध्ये ७.३ जीबीच दिसते. विंडोज ११, ब्राउझर आणि तिच्या अभ्यासाची व्हीएस कोड व मायएसक्यूएल ही सॉफ्टवेअर एकत्र उघडली की त्यातली बरीचशी भरते. प्रोसेसर अजून निवांत असतो, पण रॅम संपते आणि मशीन रॅममधला माल सारखा एसएसडीवर (कायमच्या साठवणीवर) नेत-आणत बसतं. हा वेगवान प्रोसेसर अशा वेळी माझ्या सावकाश प्रोसेसरपेक्षा हळू वाटतो. दुकानात हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. याच प्रोसेसरचा १६ जीबीचा लॅपटॉप तेव्हा मिळत होता. चार हजार जास्त लागले असते. मी ते घालायला हवे होते, आणि या एका गोष्टीची मला आजही रुखरुख आहे.

एन१००चे काही लॅपटॉप सोल्डर केलेल्या रॅमचे असतात, काहींना स्लॉट असतो. माझ्यात डीडीआर४चा एक स्लॉट आहे. हा प्रोसेसर रॅमची एकच पट्टी चालवतो आणि इंटेलच्या कागदावर त्याची मर्यादा १६ जीबी आहे. म्हणून जास्तीची पट्टी लावता येत नाही, जुनी काढून मोठी बसवावी लागते. गणपतीच्या सुट्टीत मी ८ काढून १६ जीबी बसवून घेतली. त्यानंतर वीस टॅब उघडे असले तरी एक्सेल अडत नाही. वर सांगितलेली बैठकीतली तुटातूटही कमी झाली. पूर्ण गेली नाही, कारण वैल नाहीच.

म्हणून आता कोणी विचारलं की आधी माझा प्रश्न असतो, "रॅम किती, आणि स्लॉट आहे का?" ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी स्टोरेज (एसएसडीपेक्षा सावकाश साठवण) लिहिलेला लॅपटॉप कुठल्याही प्रोसेसरचा असो, कितीही स्वस्त असो, ठेवून द्यावा. शिक्षक, आशाताई, ग्रामपंचायतीतले ऑपरेटर, घरी अर्ज भरणारे, अशांसाठी स्लॉट असलेला आणि एसएसडीवाला एन१०० पुरेसा आहे, आणि वाचलेल्या पैशातून रॅम वाढवावी. कॉलेजात संगणक शिकणाऱ्या मुलाला एन१०० देऊ नये. त्याला ७३२०यू द्यायचा तर १६ जीबीचाच. हात थोडा सैल सोडता आला तर त्याच्यासाठी ७३३०यू किंवा इंटेलचा आय३-१२१५यू शोधावा. आय३-१२१५यूमध्ये दोन मोठे आणि चार छोटे कोअर आहेत, त्यातले छोटे ते एन१००मधल्याच जातीचे.

जुना आय३ वाया गेलेला नाही. त्यावर लेकीने लिनक्स घालून दिलं, आणि आता तो वर्गात भिंतीवर चित्रं दाखवायच्या कामाला आहे.

लेकीला या वर्षी अँड्रॉइडचा विषय लागला. अँड्रॉइड स्टुडिओ उघडून त्यातलाच नकली फोन सुरू केला की ८ जीबीत श्वास घ्यायला जागा उरत नाही. दोन संध्याकाळी तिने झगडून पाहिलं. मग तिने स्वतःचा फोनच केबलने लॅपटॉपला जोडला आणि ॲप थेट त्यावर चालवायला लागली. नकली फोनची रॅम वाचली. काल तिने पहिलं ॲप करून दाखवलं, पाढे विचारणारं. माझ्या तिसरीच्या वर्गासाठी.