जत्रांच्या मधले चार दिवस: तारकर्ली की पखवाजाची पुडी?

कोकणातल्या जत्रांमधल्या दशावतारी नाटकांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो. त्यामुळे नाताळच्या सुट्टीत पखवाजवाल्याला सलग चार दिवस मोकळे मिळणं दुर्मीळच. मग घरच्यांना घेऊन मालवणजवळच्या समुद्रकिनारी तारकर्ली गाठायची, की घरी थांबून पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, बदलून घ्यायची?

खर्चाचं सरळ आहे. पुडीचे पैसे आज ना उद्या जाणारच. तारकर्लीत मात्र ३१ डिसेंबरपर्यंत खोल्यांचे भाव चढलेले असतात.

झोपेचं गणित वेगळं. पहाटेपर्यंत वाजवणारं शरीर पहिले दोन दिवस सकाळी उठत नाही, आणि समुद्र शांत असतो तो सकाळीच. सर्दी असेल तर स्कूबा, म्हणजे पाण्याखालची डुबकी, नकोच. कानातला दाब सुटत नाही, पडद्याला इजा होऊ शकते.

खरा मुद्दा वाद्याचा. नवी पुडी चढवली की चामडं ताणतं, स्वर उतरतो. पहिल्याच दिवशी चढवा, रोज थोडं वाजवा, वादी (पुडी ताणणारी चामड्याची दोरी) ओढा, गट्टे (वादीखालचे लाकडी ठोकळे) ठोका. आदल्या दिवशी चढवलेली पुडी ऐन नाटकात दगा देते.

गेलातच तर पखवाज नेऊ नका. दमट खाऱ्या हवेत पुडी सैल पडते, तापलेल्या बंद गाडीत पुडीवरची शाई (मधला काळा थर) तडकते. घरी ठेवताना डावीकडच्या तोंडाला लावलेली कणीक ओल्या फडक्याने पूर्ण काढा. वाळल्यावर खरवडली तर चामडं सोलतं.

शाईला भेगा असतील, स्वर रात्रीतून दोन-तीनदा उतरत असेल, तर घरीच थांबा. पुडी धड असेल आणि मुलं दिवाळीपासून वाट बघत असतील, तर तारकर्लीला जा. पण तिसऱ्या दिवशी परता, चौथा झोपेला ठेवा.