एडिसन ते प्लेनो, भाड्याच्या ट्रकने: 5 पैकी 2 स्टार, तेही टायरवाल्या काकांमुळे

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, बिलावरून भांडण अजून चालू आहे. पण इथे ग्रुपवर दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी "जर्सीहून टेक्सासला शिफ्ट होतोय, मूव्हर्स घ्यावेत की ट्रक" विचारतंच, त्यामुळे एकदाचं सविस्तर लिहून टाकते.

गेल्या जुलैत आम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनहून टेक्सासमधल्या प्लेनोला आलो. कारण नेहमीचंच, नवऱ्याची नोकरी, आणि टेक्सासला स्टेट इन्कम टॅक्स नाही हे आमच्या घरात दिवसातून चारदा ऐकवलं जायचं. मूव्हर्सनी साडेसहा हजार डॉलर सांगितले. ट्रक ऑनलाइन बघितला तर एकोणीसशेत, 6 दिवस आणि 1700 मैल धरून, वर गाडी ओढायचा ट्रेलर. नवरा म्हणाला आपणच चालवू. 26 हजार पौंडांच्या आतला असल्यामुळे साध्या लायसन्सवर चालतो, वेगळं काही लागत नाही. सांगलीहून सासूबाईंचा फोन, "अगं, तिकडं ड्रायव्हर मिळत नाही व्हय?" मी म्हटलं मिळतात आई, पण ते साडेसहा हजार घेतात. त्यावर त्या गप्प बसल्या, म्हणजे पटलं असावं.

बुकिंग होतं 26 फुटी ट्रक आणि चारही चाकं वर चढवायचा ट्रेलर. आदल्या दिवशी संध्याकाळी 6 ला मेसेज आला की तुमचं पिकअप लोकेशन बदललंय, एडिसनऐवजी पाऊण तासावरच्या गावात या. सकाळी तिथे गेलो तर 26 फुटी नाहीच, 20 फुटी आहे, आणि ट्रेलरही नाही, डॉली आहे. काउंटरवरचा मुलगा अगदी शांतपणे म्हणाला की रिझर्वेशन म्हणजे गॅरंटी नाही, करारात लिहिलंय. लिहिलंय खरंच, मी नंतर वाचलं, तुम्ही आधी वाचा. भाडं किती कमी केलं, तर 60 डॉलर. सहा फूट कमी, साठ डॉलर कमी, फुटाला दहा डॉलर, काय हिशोब आहे.

मग जे न मावणारं होतं ते रस्त्याच्या कडेला गेलं. सोफा गेला, मुलीचं स्टडी टेबल गेलं, माझं शिलाई मशीन जाता जाता वाचलं. मित्रमंडळी हमालीला आली होती, त्यांनी खोकी अशी ठोकून बसवली की शेवटी दार ओढून घ्यायला चौघं लागले. टीव्हीला आजीच्या दोन गोधड्या गुंडाळल्या. कंपनी पॅडिंगची चादरसुद्धा भाड्याने देते आणि त्या चादरींना बुरशीचा वास येत होता, आमच्या गोधड्या दहापट बऱ्या. सकाळी दहाला निघायचं ते दुपारी चारला निघालो.

आता डॉली म्हणजे काय ते सांगते, कारण आम्हालाही माहीत नव्हतं. दोन चाकांचा सांगाडा असतो, तुमच्या गाडीची पुढची चाकं त्यावर चढवून पट्ट्यांनी आवळायची, मागची चाकं रस्त्यावर फिरत राहतात. पट्ट्या सुरुवातीच्या थोड्या मैलांनंतर थांबून परत आवळायच्या आणि मग दर काही तासांनी बघत राहायचं. आम्ही पहिल्यांदा थांबलो तेव्हा उजवीकडची पट्टी बोटभर सैल झाली होती, बघून पोटात गोळा आला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, डॉली जोडलेली असताना रिव्हर्स घ्यायचा नाही. अजिबात नाही. गाडी लगेच आडवी वळते आणि सगळं दुमडतं. हे डॉलीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पण स्टिकर मागे, आपण पुढे.

आणि आम्ही पडलो जर्सीवाले, जर्सीत गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, स्वतः भरायला कायद्यानेच बंदी, माणूस येऊन भरतो. पेनसिल्व्हेनियात लागल्या लागल्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा पंप हातात घेतला, तोही मागे डॉली, डॉलीवर गाडी असा लांबलचक कारभार सांभाळत. ट्रक गॅलनला जेमतेम 8 मैल देत होता. साधारण साडेपंधराशे मैल, तुम्हीच भागाकार करा, आमचे फक्त गॅसलाच सहाशेच्या वर गेले. एकोणीसशे बघून हुरळून जाऊ नका ते यासाठी.

पहिली रात्र हेगर्सटाउनला, मेरीलँडमधे. रात्रीचे साडेदहा, दोघांचे डोळे मिटत होते, नवऱ्याने मोटेलच्या दारापुढच्या छपराखाली सरळ ट्रक घातला, सवयीने, जशी गाडी घालतो तशी. आतून रिसेप्शनवरचा माणूस दोन्ही हात हलवत पळत बाहेर आला. तोवर वरून कर्रर्र असा आवाज आला होता. डॅशबोर्डवर उंची 12 फूट लिहिलेली, छपरावर पिवळ्या पाटीवर 11 फूट काहीतरी इंच. बॉक्सची पुढची कड फक्त टेकली होती, चार बोटांचं पोचं, छपराला काही नाही. पण पुढे जाता येत नाही आणि मागे यायचं तर डॉली. मग रात्री अकरा वाजता मोटेलच्या दारात गाडी उतरवली, डॉली सोडवली, ट्रक मागे घेतला, मग डॉली हातांनी ढकलत नेली. ती जड असते हो. लॉबीत एक आजोबा कॉफी पीत हे सगळं टीव्ही बघावा तसं बघत होते, मधेच बाहेर येऊन म्हणाले लेफ्ट, लेफ्ट, आणि परत आत गेले.

इथे एक कामाची गोष्ट. आम्ही कंपनीचं डॅमेज कव्हर घेतलं होतं, वाटलं सुटलो. तर त्यात वरून लागलेलं काही धरत नाहीत. पूल, झाड, छप्पर, जे काही ट्रकच्या डोक्याला लागेल ते तुमच्या खिशातून. बहुतेक कंपन्यांच्या बेसिक कव्हरमधे हेच असतं. आणि क्रेडिट कार्डावर जो रेंटल इन्शुरन्स मिळतो तो साधारणपणे कारपुरता असतो, ट्रकला चालत नाही. आपल्या गाडीच्या पॉलिसीचंही आधी फोन करून विचारून घ्या, आम्ही नंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी 81 साउथ, म्हणजे इंटरस्टेट 81 हा हायवे, दक्षिणेकडे. हा रस्ता नुसत्या व्हर्जिनियात सव्वातीनशे मैल आहे, डावीकडे ब्लू रिजचे डोंगर, फार सुंदर, पण सगळे मोठे ट्रकवाले तिथूनच जातात आणि आपण 55 ने रांगत असतो. तिखटमिठाच्या पुऱ्या खात, गाणी लावत मजेत चाललो होतो, आणि विथव्हिलच्या अलीकडे मागून बंदूक उडाल्यासारखा आवाज. मागे जोडचाकं असतात, त्यातलं आतलं एक फुटलं. या ट्रकांमधे स्टेपनी नसते, कंपनीला फोन करायचा आणि ते माणूस पाठवतात.

फोनवर पंचवीस मिनिटं संगीत. मग बाईंनी विचारलं कुठे आहात. मी म्हटलं 81 साउथ. नवरा वर बघून म्हणाला अगं इथे 77 नॉर्थ लिहिलंय. मी बघितलं तर एकाच खांबावर दोन पाट्या, 81 साउथ आणि 77 नॉर्थ. मी बाईंना तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, मॅडम, तुम्ही नॉर्थला जाताय की साउथला? मी म्हटलं दोन्ही. लाइनवर शांतता.

आता हे खरंच तसं आहे. 77 कॅरोलिनातून वर क्लीव्हलंडला जातो, 81 वरून खाली टेनेसीला येतो, आणि विथव्हिलजवळ डोंगरात आठ-नऊ मैल दोघं एकाच रस्त्यावर आहेत, आणि तो रस्ता धड उत्तरेलाही नाही आणि दक्षिणेलाही नाही, चाललाय पश्चिमेला. बाईंनी त्यांच्या मनाने 77 साउथ लिहून घेतलं. 77 साउथ म्हणजे पलीकडची बाजू. दीड तासाने टायरवाल्याची गाडी आम्हाला दिसली, दुभाजकाच्या पलीकडून, उलट्या दिशेने, आमच्याकडे न बघता गेली. नवरा टॉवेल हलवत ओरडत होता. परत फोन, परत संगीत.

शेवटी ते काका स्वतःच आले, पुढच्या एक्झिटला वळून. साठीचे असतील, हातांना ग्रीस. म्हणाले आमच्याकडे महिन्याला दोघं-तिघं असे हरवतात, रस्त्याचं नाव सांगायचंच नाही, कडेची ती छोटी हिरवी पाटी असते ना मैलाची, तो आकडा सांगायचा आणि जवळच्या गावाचं नाव. आमचा आकडा 76 होता, समोर दहा पावलांवर, चार तास आम्ही त्याच पाटीला टेकून बसलो होतो. त्यांनी चाळीस मिनिटांत टायर बदलला, बाकीची चाकं न सांगता तपासली, डॉलीच्या पट्ट्या पण आवळून दिल्या. मी पुऱ्यांचा डबा पुढे केला, त्यांनी दोन खाल्ल्या, तिसरी रुमालात बांधून घेतली बायकोला दाखवायला. दोन स्टार त्यांचे.

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. नॉक्सव्हिल आणि नॅशव्हिलच्या मधे कुठेतरी घड्याळ एक तास मागे जातं, तो एक तास फुकट मिळाल्याचा आम्हाला लहान मुलांसारखा आनंद झाला. मेम्फिसला मिसिसिपीवरचा तो एम आकाराचा पूल ओलांडला, ज्याला 2021 मधे तडा सापडला आणि काही महिने बंद होता. नवऱ्याने ही माहिती मला पुलाच्या बरोबर मधे दिली. आर्कान्सात एसी गेला. लिटल रॉकच्या पुढे एकाने समोर कट मारला, करकचून ब्रेक, मागे काहीतरी धाडकन पडलं, पण दार उघडायची दोघांचीही हिंमत झाली नाही.

सोमवारी रात्री प्लेनो. मंगळवारी ट्रक रिकामा करून परत द्यायला गेलो तर ऑफिस बंद, किल्ली पेटीत टाका. इथे चुकलोच, मीटरचा, गॅसच्या काट्याचा आणि चारही बाजूंचा फोटो काढून ठेवायला हवा होता. फक्त पुढून काढला, तोही मुलगी ट्रकपुढे पोज देत होती म्हणून. बिलात गॅस कमी भरल्याचे 48 डॉलर, आणि कपाळाच्या पोच्याचे 430. पोचं आमचंच आहे, ते मान्य. पण त्याच कडेला आधीपासून गंजलेला एक ओरखडा होता तोही आमच्या नावावर लावलाय, आणि टायरच्या वेळी गेलेल्या अर्ध्या दिवसाचं, त्या रात्री ब्रिस्टलला जास्तीचं हॉटेल करावं लागलं त्याचं कोणी काही बोलत नाही. तीन ईमेल झाले, दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट.

परत घेणार का, तर ट्रक घेईन, पण आहे त्या सामानाच्या दीडपट मावेल असा, आणि डॉली फुकट दिली तरी नाही.

बिलात शेवटी साफसफाईचे 35 डॉलर होते. त्यावर भांडलो नाही. लिटल रॉकला जे पडलं ती लोणच्याची बरणी होती, जूनमधे एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून कैऱ्या आणून घातलेलं, चांगलं मुरलेलं. प्लेनोच्या उन्हात दार वर केलं तेव्हा तेल लाकडी फळ्यांमधे पार आत गेलं होतं, हळदीचा डाग ताटाएवढा, तीन वेळा साबणाने घासला तरी हलला नाही. तो ट्रक आता कुठेही असो, दार उघडणाऱ्याला भूक लागत असणार.